लकवा, १०८ आणि घरातलं घड्याळ

आज आपण लकव्याविषयी बोलणार आहोत. कुणी म्हणतं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणतं अर्धांगवायू झाला. दवाखान्यात याला स्ट्रोक म्हणतात. नाव काहीही असो, लुळे पडतात हातपाय, पण बिघाड झालेला असतो मेंदूत. म्हणून तेल चोळून, शेक देऊन, अंगारा लावून किंवा कबुतराचं रक्त फासून तो बरा होत नाही. त्यात फक्त वेळ जातो. आणि या आजारात वेळेइतकं महाग दुसरं काही नाही.

ठिबकच्या नळीचं उदाहरण घ्या. नळीत कचरा अडकला तर पुढच्या झाडांना पाणी मिळत नाही, ती सुकायला लागतात. आणि नळी फुटली तर पाणी भलतीकडेच साचतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं असंच होतं. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी अडकते, काही वेळा रक्तवाहिनी फुटते. गुठळी अडकली असेल तर मेंदूच्या साधारण १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा तज्ज्ञांचा हिशोब आहे.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या गुठळीसाठी मोठ्या रुग्णालयात तार घालून ती काढतात. त्याला काही रुग्णांत जास्त वेळही मिळतो, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. आणि मुख्य अडचण अशी, की गुठळी अडकलेला माणूस आणि रक्तवाहिनी फुटलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. फुटलेल्याला चुकून ते इंजेक्शन दिलं तर रक्तस्राव वाढून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डोक्याचा सीटी स्कॅन, मगच इंजेक्शन.

आता आपल्या वस्तीवरून हिशोब करा. पहिला तास ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ यात जातो. मग गाडी शोधायची, तालुक्याला जायचं. तिथे सीटी स्कॅन नाही म्हणून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला जायचं. साडेचार तास रस्त्यातच संपतात.

यावर डॉक्टरांनी एक वेगळा मार्ग काढला. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचेस्तोवर थांबायचं नाही, डॉक्टरांची नजर आधीच रुग्णापर्यंत पोहोचवायची. रुग्णवाहिकेत कॅमेरा आणि मोबाईलचं नेटवर्क असतं. शहरात बसलेले मेंदूचे तज्ज्ञ पडद्यावर रुग्णाला बघतात. हात उचलायला सांगतात, नाव विचारतात. गाडीत घेतलेलं बीपी आणि साखर त्यांना दिसते. ते ठरवतात की गाडी कोणत्या रुग्णालयात न्यायची, आणि तिथे आधीच कळवतात. गाडी दारात लागते तेव्हा सीटी स्कॅनचं टेबल रिकामं करून ठेवलेलं असतं.

याच्याही पुढे जाऊन काही ठिकाणी सीटी स्कॅनच गाडीत बसवला. अशी पहिली गाडी जर्मनीत होम्बुर्ग इथे २००८ साली सुरू झाली. हे परदेशातलं झालं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण अशी गाडी आपल्या देशात आसाममध्येही धावते. दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजबरोबर आयसीएमआर या सरकारी संशोधन संस्थेने ती चालवली. तो चहाच्या मळ्यांचा भाग, गावं लांब लांब पसरलेली. गाडीत सीटी स्कॅन, रक्त तपासायची सोय आणि ते इंजेक्शन, तिन्ही असतं. स्कॅनचं चित्र दूरच्या तज्ज्ञांकडे जातं, ते सांगतात आणि गाडीतच इलाज सुरू होतो. आसामच्या १०८ सेवेशी जोडल्यावर ही गाडी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचू लागली. आयसीएमआरने दिलेल्या माहितीप्रमाणे तिथे इलाजाला लागणारा वेळ सुमारे २४ तासांवरून २ तासांवर आला आणि मृत्यू एक तृतीयांशाने घटले. २०२५ साली या गाड्या आसाम सरकारकडे सोपवल्या गेल्या.

अशी गाडी उद्या आपल्या फाट्यावर येईल असं मी म्हणत नाही. ती महाग आहे, तिला चांगला रस्ता आणि नेटवर्क लागतं. पण आपल्याकडेही १०८ आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. ती मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. फोन तर सगळ्यांकडेच आहे. म्हणून लकवा आला की १०८ ला नुसतं ‘पेशंट सीरियस आहे’ सांगू नका. ‘लकव्याचा झटका आहे, अमुक वाजता सुरू झाला’ असं सांगा. गाडीतल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. जिथे नेताय तिथे सीटी स्कॅन चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन मिळतं का? आम्ही येतोय हे तिथे फोन करून कळवाल का?

उपकेंद्रात ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलायची सोय असते. ती बीपी, साखर, खोकला-तापाच्या सल्ल्यासाठी चांगली आहे. लकव्यात मात्र तिथे नंबर लावून बसू नका. सरळ १०८.

आता आजची मुख्य गोष्ट. डॉक्टर गाडीत असोत, पडद्यावर असोत की रुग्णालयात, त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘हा माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला?’ साडेचार तास तिथून मोजतात. सकाळी उठतानाच लकवा दिसला तर रात्री झोपताना किती वाजता बरा होता ते विचारतात. हे नक्की सांगता आलं नाही तर डॉक्टरांचे हात बांधले जातात. इंजेक्शन हातात असूनही ते देता येत नाही.

आणि सख्यांनो, हे कुणाला माहीत असतं? घरातल्या बाईला. सासऱ्यांना सातला चहा दिला तेव्हा त्यांनी कप नीट धरला होता, हे सुनेला माहीत. नवरा रात्री पाणी प्यायला उठला तेव्हा नीट बोलला, हे बायकोला माहीत. कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे का, मागच्या महिन्यात डोक्याला मार लागला होता का, हेही तिलाच ठाऊक. पण गाडीत बसतात भाऊ, पुतण्या, शेजारचा मुलगा, आणि ती घरी राहते, पोरंबाळं आणि गुरं बघायला. इलाज ज्या उत्तरावर अडतो ते उत्तर चुलीपाशी राहतं.

म्हणून, जिने माणसाला शेवटचं ठीक पाहिलं तिनेच गाडीत बसायचं. जमत नसेल तर तिचा मोबाईल नंबर कागदावर लिहून गाडीत द्यायचा आणि तो फोन चालू ठेवायचा. वेळ, गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत द्यायचं.

दुसरा अडथळा सहीचा. या इंजेक्शनने थोड्या रुग्णांत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टर समजावून सांगतात आणि घरच्यांची सही मागतात. तिथे आपण म्हणतो, पुण्याहून थोरले दीर येऊ देत. दीर येईपर्यंत वेळ निघून जाते. त्यांना फोन लावा, स्पीकरवर डॉक्टरांशी बोलू द्या, पण निर्णय तिथेच, तेव्हाच घ्या.

लकवा ओळखायचा कसा? हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतं का बघा. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली पडतो का बघा. एक वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का ऐका. अचानक दिसेनासं होणं, तोल जाणं हीही लक्षणं आहेत. यातलं एक जरी अचानक झालं तरी घड्याळ बघा आणि १०८ लावा. दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरीही जा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

गाडी येईपर्यंत पाणी, चहा, खाणं काही देऊ नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. रक्त पातळ करायची किंवा बीपीची गोळी आपल्या मनाने देऊ नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. घर शेतवस्तीवर असेल तर एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहावं.

आणि लकवा आपल्यालाही येतो, बरं का. बाईचा हात जड पडला, बोलणं अडखळलं तर ‘दमली असेल, झोपू दे’ म्हणतात. तीही तेच म्हणते. आपल्या गटातल्या कुणाला असं दिसलं तर तिचं ऐकू नका, १०८ लावा.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करूया. प्रत्येकीने घरात बीपी आणि साखरेच्या गोळ्या कोण घेतं, कोणत्या घेतं, ते कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवायचं. आणि अशा वेळी बैठकीची वाट न बघता अध्यक्ष-सचिवांनी तातडीचं कर्ज द्यावं, असा ठराव वहीत लिहायचा. रुग्णवाहिका मोफत असली तरी जिल्ह्याच्या गावी सोबतच्या माणसाला चार दिवस राहायचं असतं. हातात पैसे असले की ती गाडीत बसायला कचरत नाही.