कागद सेव्ह झाला, पण गेला कुठं?

उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, डिजिटल सहीचा सातबारा, बँक खात्याचा उतारा... गटाच्या कामाला लागणारे असे कितीतरी कागद आता आपण वेबसाइटवरून पीडीएफ करून ठेवतो. कार्यालयात कॉम्प्युटर एक आणि त्याला हात लावणाऱ्या पंधरा-वीस जणी. म्हणून आमच्याकडे एक वाक्य सारखं ऐकू येतं, "ताई, सेव्ह तर केलं होतं, पण सापडत नाही."

कागद बहुतेक वेळा हरवलेला नसतो. क्रोम असो की फायरफॉक्स, आपण वेगळं काही सांगितलं नाही तर ब्राउझर उतरवलेला प्रत्येक कागद 'डाउनलोड्स' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये टाकतो. ज्वारी, तूर, हरभरा एकाच कणगीत ओतावं तसं. मग कर्ज प्रकरणाच्या दिवशी बँकेचे साहेब कागद मागतात आणि आपण शोधत बसतो.

ही जागा बदलता येते. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन उभे ठिपके आहेत, त्यावर क्लिक करा. 'सेटिंग्ज'मध्ये जा, मग 'डाउनलोड्स'. तिथं 'लोकेशन' दिसेल आणि शेजारी 'चेंज'चं बटण. ते दाबून हवं ते फोल्डर निवडा. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघा, 'सेटिंग्ज', 'जनरल' आणि खाली 'डाउनलोड्स' असा रस्ता आहे.

पण अशी ठरलेली जागा एकच असते आणि गट अनेक. त्यामुळे सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आम्हाला त्याच्याच खालचं दुसरं बटण जास्त कामाचं वाटतं. प्रत्येक फाइल कुठं ठेवायची ते आधी विचारा, असं ते बटण आहे. ते चालू केलं की ब्राउझर दर वेळी थांबून विचारतो. एक क्लिक जास्त पडतो, पडू द्या.

आता पीडीएफची गोष्ट जरा वेगळी. सातबारा तयार पीडीएफ म्हणूनच उतरतो. पण समोर उघडलेल्या पानाचा पीडीएफ करायचा तर कंट्रोल आणि पी ही बटणं एकत्र दाबायची. प्रिंटरच्या नावाच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडायचं आणि 'सेव्ह' म्हणायचं. तेव्हा जी खिडकी उघडते, ती बहुधा मागच्या वेळी वापरलेलं फोल्डर दाखवते. म्हणजे आधी दुसऱ्या गटाच्या ताई बसल्या असतील, तर त्यांचं फोल्डर समोर येणार. घाईत एंटर दाबू नका. डावीकडून आपलं फोल्डर निवडा, नाव नीट लिहा, मगच सेव्ह करा. आमच्याकडे प्रत्येक गटाचं एक फोल्डर आहे आणि त्यात वर्षाची फोल्डरं, 2023-24, 2024-25 अशी. फाइलचं नाव आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहितो, कारण काही वेबसाइट अपलोड करताना मराठी नाव घेत नाहीत.

मोबाइलवरही क्रोममधून 'शेअर', मग 'प्रिंट' असं जाऊन पीडीएफ करता येतो. तिथंही कुठं ठेवायचं ते विचारतात.

बाहेरच्या दुकानात काम करून घेताना मात्र जास्त जपायला हवं. तिथल्या 'डाउनलोड्स'मध्ये तुमचा आधार, पासबुक, सातबारा तसाच पडून राहतो. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. गावात कुणाला ते माहीत नसतं? म्हणून आपला पेन ड्राइव्ह न्या आणि सेव्ह करताना तोच निवडायला सांगा. त्यातून व्हायरस येण्याची भीती असते, तेव्हा कार्यालयात लावल्यावर आधी तपासून घ्या. दुकानात फाइल राहिलीच असेल, तर ती आपल्यासमोर काढून टाकायला लावा, आणि नंतर रिसायकल बिनही रिकामा करायला लावा. दुकानदार ओळखीचा असला तरी. दोन मिनिटं लागतात, तेवढी उभी राहा.