भीमाकाठचे ताट

पुण्याहून सोलापूरला निघालेल्या मंडळींना भिगवण जवळ आले, की एकाएकी भूक लागते. समुद्र राहिला सह्याद्रीपलीकडे. पण इथे रस्त्याच्या कडेने माशांच्या खाणावळींच्या पाट्याच पाट्या! कुठे तळलेली चिलापी, कुठे मरळ, कुठे वाम.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन आम्ही सोलापूरला निघालो होतो. मुलांच्या हट्टापायी भिगवणला उतरलो. ताटे आली. मुलांनी हात मारायला सुरुवातही केली; आई मात्र माशाकडे नुसती पाहत राहिली.

"आमचं शेत याच पाण्याखाली आहे रे," ती हळूच म्हणाली.

आईचे माहेर इंदापूर तालुक्यात, अगदी भीमेच्या काठी. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि ते गाव 'यशवंतसागरा'च्या पोटात गेले. पाणी फार आटले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि आमच्यासारखे शहरातले लोक ते पाहायला धावतात. आई कधी गेली नाही.

तिच्या माहेरचे जेवण मी तिच्या बोलण्यातूनच चाखले आहे. मुलूख अवर्षणाचा. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, हुलग्याचे माडगे, थंडीत हुरडा. मासे मिळत, पण ते नदीला पाणी असेपर्यंत. भोयाची बाई टोपली घेऊन दारात येई आणि आजी तिच्या पदरात ज्वारी घाली. पैशाचा प्रश्न नव्हता.

धरणाने हे सारे पालटले. उजनीत सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातले ६३ अब्जांहून अधिक 'मृत' साठ्यात धरतात. नाव मृत, पण मासळीला तोच आधार! नदीचे वाहणे थांबले, तसे वाहत्या पाण्यातले मासे मागे पडले आणि साठ्यातले वाढले. कटला, रोहूचे बीज माणसाने सोडले. चिलापी तर मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली हिंदुस्थानात आणलेली. हिची मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते. अशा आईची पिलावळ वाढली, तर नवल ते काय! भिगवणला मासळीचा बाजार उभा राहिला. पुणे-सोलापूर रस्ता हाताशीच होता, खाणावळी आल्या. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांची त्यांत भर पडली. तिकडे कालव्याच्या पाण्यावर ज्वारीच्या रानात ऊस डुलू लागला.

आम्ही जेवत नाही असे पाहून खाणावळीचे मालक जवळ आले. साठीचे गृहस्थ. आईने आपल्या गावाचे नाव सांगताच ते समोर बसलेच.

"आक्का, आमचंबी गाव पाण्यातच हाय. जमीन पाण्यानं घेतली, मग पाण्यानंच पोसायला नको व्हय?"

आईला हसू आले. मग ते माझ्याकडे वळले. "साहेब पुण्याचं न्हवं? तुमच्या मोऱ्यांचं पाणी आमच्याकडंच येतंय बरं का!"

मी ओशाळलो. पुण्याचे सांडपाणी मुळामुठेत जाते, रांजणगाव सांडसला मुळामुठा भीमेला मिळते आणि भीमा ते उजनीत आणून ओतते. वर्गात मी नदीवरच्या कवितांचे रसग्रहण सांगतो. माझ्या न्हाणीघरातले पाणी कुठे जाते, हे मात्र मला एका खाणावळवाल्याने शिकवावे लागले. यांच्या जमिनीवर पाणी उभे राहिले, त्यात आमची घाण मिसळली आणि सुट्टीच्या दिवशी त्याच पाण्यातला मासा 'ताजा आहे ना?' असे विचारून आम्ही खातो!

आईने माशाचा तुकडा मोडला, तोंडात घातला. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"झकास झालाय," ती मालकांना म्हणाली. त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले.

मग आईने भाकरीचा घास घेतला. बराच वेळ चावला.

"काय गं?" मी विचारले.

"काही नाही. ज्वारी आपल्याकडची नाही."

आणि तिने ताटातली भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.