मिनिमाइझ गेलं कुठे?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11 घ्यायचं तर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. कोपर, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात मुलांच्या बारावीच्या वेळी घेतलेले आणि अजून ठणठणीत चालणारे कॉम्प्युटर काही कमी नाहीत. अशी मशीन भंगारात देण्यापेक्षा तिच्यावर लिनक्स टाकून बघण्याचा सल्ला हल्ली दुरुस्तीवालाही देतो. तो ऐकून कोणी फेडोरा नावाचं लिनक्स टाकलं, की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न ठरलेला. खिडकीच्या कोपऱ्यात फुली आहे, पण खिडकी खाली पाठवायचं आणि मोठी करायचं बटण कुठे गेलं?

ती बटणं कोणी विसरलेलं नाही, मुद्दाम काढली आहेत. फेडोराचा नेहमीचा पडदा ग्नोम या मुक्तस्रोत प्रकल्पाचा असतो. एप्रिल 2011 मध्ये ग्नोम 3 आलं आणि खालची पट्टी, मेनू, बटणं अशी वर्षानुवर्षं हाताला वळण पडलेली सगळी मांडामांड एका फटक्यात बदलली. खिडक्या लपवण्यापेक्षा वेगवेगळ्या कार्यपटलांवर पसराव्यात, मग मिनिमाइझची गरजच उरत नाही, असं रचनाकारांचं म्हणणं होतं. कागदावर ते पटण्यासारखं होतं. पण लोक कागदावर काम करत नव्हते. लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्स जाहीरपणे वैतागला आणि काही काळ एक्सएफसीई या दुसऱ्या पडद्याकडे निघून गेला. ज्यांना जुनंच हवं होतं त्यांनी ग्नोम 2 ची प्रत उचलून मेट नावाचा वेगळा संसार मांडला. लिनक्स मिंट हे दुसरं लिनक्स बनवणाऱ्यांनी सिनॅमन नावाचा आपला पडदा उभा केला.

या भांडणातून एक छोटं अवजार जन्माला आलं. जॉन स्टोअर्स या प्रोग्रामरने 2011 मध्येच ग्नोम ट्वीक टूल लिहिलं. मुख्य सेटिंग्जमध्ये ज्या गोष्टींना जागा मिळाली नव्हती त्यांना त्याने एका खिडकीत आणून बसवलं. 2017 मध्ये त्याचं नाव नुसतं ‘ट्वीक्स’ झालं. यात जादू काही नाही. ग्नोमच्या पोटात सेटिंग्जची एक मोठी वही असते आणि तिच्यात ‘बटन-लेआउट’ नावाची एक नोंद असते. ट्वीक्समध्ये मिनिमाइझचा खटका सुरू केला की त्या नोंदीत ‘क्लोज’ या शब्दाआधी ‘मिनिमाइझ’ हा शब्द लिहिला जातो, आणि त्याच क्षणी उघड्या खिडक्यांवर बटण उगवतं. टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप करूनही हेच करता येतं. पण ती ओळ पाठ असणारा माणूस आणि कॉम्प्युटर वापरणारा माणूस एकच असेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. ट्वीक्सचं सगळं मोल त्या खटक्यात आहे.

म्हणून अशा अवजाराचा चेहरा बदलायचा म्हटलं की प्रकरण नाजूक होतं.

ग्नोमच्या खिडक्या आणि बटणं ज्या सामानातून बनतात, त्या जीटीकेची चौथी आवृत्ती डिसेंबर 2020 मध्ये आली. पाठोपाठ 2021 च्या शेवटच्या दिवशी लिबअद्वैता आलं. नाव ऐकून मराठी वाचकाचे कान टवकारतील, पण काम अगदी लौकिक आहे. गोलसर कडांच्या ओळी, एका घाटाचे खटके आणि खिडकी अरुंद झाली तर आपोआप आवरून घेणारी मांडणी ते पुरवतं. ग्नोमचे प्रोग्राम एकेक करून या नव्या सामानावर हलू लागले. ट्वीक्सची पाळी 2024 मध्ये, 46 व्या आवृत्तीत आली.

इथे गंमत झाली. रंग, खिडक्यांचा घाट आणि आयकॉन बदलणाऱ्या थीम लावणं हा ट्वीक्सचा लोकप्रिय उपयोग. लिबअद्वैतावर बांधलेले प्रोग्राम मात्र स्वतःचीच सजावट घेऊन येतात, बाहेरची थीम जुमानत नाहीत. यामागेही एक तक्रार आहे. 2019 मध्ये अनेक प्रोग्रामरांनी खुलं पत्र काढून लिनक्सचं वितरण करणाऱ्यांना विनवलं होतं, की आमच्या प्रोग्रामवर परस्पर थीम चढवू नका. त्याने अक्षरं पुसट होतात, बटणं मोडतात आणि शिव्या आम्हाला बसतात. त्यांचं दुखणं खरं होतं. पण नव्या सामानावर आल्यावर ट्वीक्समध्ये निवडलेली थीम खुद्द ट्वीक्सच्या खिडकीलाच लागत नाही, हेही खरं. त्याआधीच थीमच्या पानावरच्या ‘ॲप्लिकेशन्स’ या शब्दाचं ‘लेगसी ॲप्लिकेशन्स’ झालं होतं, म्हणजे थीम चालणार ती जुन्या वळणाच्या प्रोग्रामपुरतीच. एवढ्या एका बदललेल्या पाटीत दहा वर्षांचा वाद मावला आहे.

बाकीचं सामान हळूहळू बाहेर गेलं. एक्स्टेंशनं, म्हणजे ग्नोमला वरून जोडायच्या छोट्या सोयी, सुरू-बंद करण्याचं काम 2020 मध्ये स्वतंत्र प्रोग्रामकडे गेलं. बटणं-खटक्यांचा ठळक रंग निवडण्याची सोय 2024 मध्ये थेट ग्नोमच्या मुख्य सेटिंग्जमध्ये आली. अवजार आकसत चाललं म्हणून काहींना हळहळ वाटते. तशी ती वाटायला नको. आडवाटेने मिळणारी सोय राजरस्त्यावर आली, तर वापरणाऱ्याचा फायदाच होतो.

मराठी माणसाचा तोटा होतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

लिनक्सचा पडदा भारतीय भाषांत आणण्याची खटपट 2000 च्या सुमारास मुंबईतून इंडलिनक्स या गटाने सुरू केली. पुढे पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या भाषांतरकारांनी फेडोरा आणि ग्नोमच्या हजारो ओळी मराठीत आणल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित हे फॉन्ट रेड हॅटमार्फत सगळ्यांना खुले झाले. हे काम ज्या व्यवस्थेवर चालतं तिचं नाव गेटटेक्स्ट. प्रत्येक इंग्रजी ओळीखाली तिची मराठी ओळ लिहिलेली असते आणि इंग्रजी ओळ हीच तिची किल्ली असते. किल्लीत एक शब्द जरी बदलला तरी कुलूप उघडत नाही. जुनी मराठी ओळ नव्या इंग्रजीच्या जवळपास जाणारी वाटली, तर तिच्यावर ‘फझी’, म्हणजे शंकास्पद, असा शिक्का बसतो. कोणी माणसाने ती तपासून शिक्का काढेपर्यंत पडद्यावर इंग्रजीच दिसतं. ‘ॲप्लिकेशन्स’चं ‘लेगसी ॲप्लिकेशन्स’ करणाऱ्याला तो एका शब्दाचा बदल वाटतो. भाषांतराच्या फायलीत मात्र तेवढी जागा पुन्हा रिकामी होते. नूतनीकरणात पाट्या अशा घाऊक बदलतात. ज्या भाषेकडे राबती फौज आहे ती आठवड्याभरात भरपाई करते. मराठीत ही भरपाई दोन-चार स्वयंसेवकांच्या सवडीवर असते, आणि मग एकाच खिडकीत वरची ओळ मराठी, खालची इंग्रजी असा खिचडी कारभार दिसू लागतो.

अक्षरांचंही तसंच. मार्च 2025 च्या ग्नोम 48 मध्ये पडद्याचा मुख्य फॉन्ट बदलून अद्वैता सॅन्स आला. तो इंटर या फॉन्टवरून बेतला आहे आणि त्यात देवनागरी नाही. मराठी मजकूर आला की यंत्र हाताशी असलेला दुसरा फॉन्ट उचलतं. त्यामुळे शेजारच्या दोन शब्दांत एक बारीक, एक जाड असा विसंवाद होतो. कधी बेताच्या उंचीच्या ओळीत ‘कृ’चं शेपूट कापलं जातं. इंग्रजी डोळ्यांनी आखलेल्या ओळीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांचा हिशेब ठाऊकच नसतो.

यावर घरच्या घरी उपाय करायचा तर तो ट्वीक्समध्येच आहे. फॉन्टच्या पानावर ‘इंटरफेस’च्या जागी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तयार केलेला मुक्ता हा फॉन्ट आधी बसवून मग निवडावा. तो मोफत आणि मुक्त परवान्याचा आहे. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एकमेकांशी जुळवून काढलेले असल्याने पडद्यावरची विसंगती बरीचशी जाते. त्याच पानावरचा स्केलिंगचा आकडा 1 वरून 1.15 केला, तर चष्मा शोधत बसणाऱ्या आजोबांना पाट्या वाचता येतात.

रिकाम्या झालेल्या ओळी भरण्याचं काम मात्र कोणीतरी बसून करावं लागतं. त्यासाठी प्रोग्रामिंग यायची गरज नाही. ग्नोमचं भाषांतराचं संकेतस्थळ ‘डॅम्ड लाइज’ अशा खट्याळ नावाने चालतं. तिथे प्रत्येक प्रोग्रामपुढे मराठीच्या किती ओळी झाल्या, किती शंकास्पद आणि किती कोऱ्या, ते उघड मांडलेलं असतं. फाईल उतरवून घ्यायची, ओळी भरायच्या, परत चढवायची. मग जुना जाणता सदस्य तपासतो. ग्नोमची नवी आवृत्ती दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. तिच्या काही आठवडे आधी इंग्रजी पाट्या गोठवल्या जातात, म्हणजे भाषांतरकारांची परवानगी घेतल्याशिवाय त्यानंतर कोणी शब्द बदलत नाही. मराठी ओळी भरायला तेवढाच काळ हाताशी असतो.