घर हीच कार्यशाळा

वास्तुकला ही केवळ ग्रंथवाचनाने साध्य होणारी विद्या नाही. ती डोळ्यांनी, हातांनी आणि सहवासाने शिकावी लागते. म्हणूनच वास्तुकलेच्या शिक्षणात कार्यशाळेला, म्हणजेच स्टुडिओला, मोठे महत्त्व असते. तेथे विद्यार्थी इमारतींचे आराखडे काढतात व पुठ्ठ्याच्या प्रतिकृती तयार करतात. शिक्षक शेजारी उभे राहून एखादी चुकलेली रेघ दाखवून देतात. सहाध्यायांचे काम पाहूनही बरेच काही उमगते.

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुकलेचा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा देशातील अशा सर्वच कार्यशाळा ओस पडल्या. एप्रिल २०२१ मध्ये रायपूर जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी झाली. विद्यार्थ्यांना घरातील एखादा कोपरा, जेवणाचे टेबल किंवा पलंग यांनाच कार्यशाळा मानावे लागले.

या बदलात अडचणी पुष्कळ होत्या. कागदावर एक मीटर लांबीची भिंत एक सेंटिमीटरने दाखवली, की ते प्रमाण नजरेत ठसते. संगणकाच्या पडद्यावर तेच चित्र हवे तेवढे लहानमोठे करता येते. त्यामुळे प्रत्यक्ष आकारमानाचे भान सुटू लागते. प्रतिकृती हातात घेऊन चहूबाजूंनी निरखता येत नाही. शिवाय स्वतंत्र खोली, संगणक आणि अखंड वीज ही साधने सर्वांपाशी सारखी नसतात. एकाच वर्गातील विद्यार्थ्यांमधील ही विषमता टाळेबंदीने उघडी पाडली.

तथापि, घराने एक मोलाचा धडाही दिला. रायपूरचा उन्हाळा कडक असतो. पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडते. समोरासमोर खिडक्या असल्या, तर वारा खेळतो. एकच खिडकी असली, तर तो कोंडतो. एकाच खोलीत कोणाचा अभ्यास, कोणाचे कार्यालयीन काम आणि कोणाची विश्रांती चालते. घरात कोणी आजारी पडल्यास त्याला वेगळे ठेवण्यास जागा उरत नाही. या गोष्टी पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या सोसणे वेगळे.

कार्यशाळेतील सहवासाची उणीव घर भरून काढू शकत नाही. परंतु आराखड्यातील प्रत्येक रेघेमागे माणसांचे जगणे असते, याची जाणीव मात्र घर करून देते. ज्याला ही जाणीव झाली, तो उद्या लहानशा घराचा आराखडाही अधिक विचारपूर्वक करील.