राजपुत्र चू छ्वेन आणि त्याचा 'शन्-छी मी-पू' हा संगीतसंग्रह

जुन्या ग्रंथाच्या संग्राहकास पाठाची शुद्धता जितकी महत्त्वाची, तितकीच तो पाठ कोणत्या मार्गानें आपणांपर्यंत आला ही माहितीहि महत्त्वाची असते. हा विवेक एका चिनी राजपुत्रानें इ. स. १४२५ मध्यें कसा पाळला, तें येथें दाखवावयाचें आहे.

चू छ्वेन (१३७८–१४४८) हा मिंग वंशाचा संस्थापक हुंग-वू बादशहा याचा पुत्र. इ. स. १३९१ मध्यें त्यास 'निंगचा राजा' ही पदवी मिळाली व पुढें उत्तर सरहद्दीवरील ता-निंग हें त्याचें ठाणें झालें. इ. स. १३९९ मध्यें त्याचा वडील बंधु चू ती यानें गादीवरील पुतण्याविरुद्ध बंड केलें आणि ता-निंगचें सैन्य, त्यांतील मंगोल घोडदळासह, कपटानें आपल्याकडे ओढलें. इ. स. १४०२ मध्यें चू ती हा युंग-लो बादशहा झाला. छ्वेननें सू-चौ किंवा हांग-चौ मागितलें. परंतु त्यास दक्षिणेंतील नान-छांग येथें धाडण्यांत आलें. तेथें राजकारणापासून दूर राहून त्यानें आपलें आयुष्य विद्याव्यासंगांत घालविलें.

'छा-पू' हा त्याचा चहावरील लहानसा ग्रंथ. इ. स. १३९१ मध्येंच त्याच्या पित्यानें दाबून केलेल्या चहाच्या वड्यांची खंडणी बंद करून सुटीं पानें घेण्यास आरंभ केला होता. सुगंधी द्रव्यें मिसळलेल्या वड्यांपेक्षां पानाचा स्वाभाविक गंध छ्वेनला श्रेष्ठ वाटे. मात्र पान दळून त्याची पूड पाण्यांत घुसळण्याची जुनी रीत त्यानें सोडली नाहीं.

त्याचें मुख्य कार्य संगीतांतील आहे. छिन हें सात तारांचें वाद्य असून स्थानें दाखविण्यासाठीं त्यावर तेरा खुणा असतात. त्याच्या लिपींत चिनी अक्षरांचे अवयव एकत्र जोडून तार, स्थान, बोट व आघाताची रीत सांगितलेली असते. स्वर किती काळ धरावा हें मात्र लिहिलेलें नसतें. तें गुरुमुखांतूनच कळावयाचें. म्हणून परंपरा तुटली कीं अक्षरें राहतात आणि लय जाते.

आपल्या प्रस्तावनेंत छ्वेन म्हणतो कीं, लिहून ठेवलेल्या चिजा हजारांवर असल्या तरी प्रचारांत कांहीं दशकेच उरल्या आहेत. त्यांपैकीं ३४ तो स्वतः गुरूंपाशीं शिकला. त्यांस वाक्यखंड दाखविणारे बिंदु दिले आहेत. निरनिराळ्या वादकांच्या पाठांत जो भेद आढळतो, तो त्यांच्या निरनिराळ्या प्रकृतींचा परिणाम होय, असें तो मानतो. संशोधनास त्यास बारा वर्षें लागलीं. ग्रंथाचे तीन भाग असून पहिल्या भागांतील प्राचीन चिजांस हे बिंदु नाहींत. त्या जुन्या लिखित प्रतींवरून उतरल्या असाव्यात, असें अभ्यासक समजतात.

एकेकटी चीज याहून जुन्या लेखांतहि सांपडते. 'यौ-लान' या चिजेचें थांग-कालीन हस्तलिखित जपानांत जतन झालें आहे. परंतु छिनच्या चिजांचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना मोठा संग्रह छ्वेनचाच होय. तिसऱ्या शतकांतील पंडित ची खांग यानें वधापूर्वीं वाजविली अशी आख्यायिका असलेली 'क्वांग-लिंग सान' याच्याच पहिल्या भागांत आहे. इ. स. १९५० नंतरच्या दशकांत क्वान फिंग-हू या वादकानें या पाठावरून ती पुन्हां वाद्यावर उतरविली.

छ्वेननें त्या भागांत स्वतःच्या तर्कानें बिंदु घातले असते, तर शिकलेलें कोणतें व केवळ वाचलेलें कोणतें हा भेद कायमचा पुसला गेला असता. प्रतीचा उतारा करणारानें रिकाम्या जागा रिकाम्याच कां ठेवाव्यात, याचें उत्तर या ग्रंथांत मिळतें.