गोळी न विकण्याचे पैसे कोण देणार?

सबमिशनच्या आठवड्यात घसा असा धरला की व्हायव्हाला आवाजच फुटेना. रात्री साडेनऊला गेटबाहेरच्या मेडिकलवर गेलो. "काका, अ‍ॅझिथ्रोमायसिन द्या, तीनच गोळ्या." नाव रूममेटनं सांगितलेलं, तोही मेकॅनिकलचाच! काकांनी ताप आहे का, किती दिवस झाले, सगळं विचारलं आणि गोळ्या काही दिल्या नाहीत. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. ताप आला तर डॉक्टरांकडे जा. हे चिठ्ठीशिवाय देता येत नाही." मी चिडून परत आलो. तीन दिवसांत घसा बरा झाला, मग सॉरी म्हणायला गेलो तेव्हा काकांनी गणित मांडलं.

हे औषध सरकारच्या अत्यावश्यक यादीत आहे. अशा औषधांची कमाल किंमत २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार ठरते, आणि ती ठरवताना दुकानदारासाठी त्याच्या खरेदीकिमतीवर १६ टक्के धरतात. म्हणजे शंभराच्या मालामागे सोळा रुपये. त्यातून भाडं, पगार, इन्सुलिनसाठी २ ते ८ अंशांवर रात्रंदिवस चालणारा फ्रिज आणि आपली उधारी! (वहीत आपापली नावं बघून या.)

किमतीवर लगाम हवाच, नाहीतर आपल्या आईवडिलांची बीपीची औषधं कोण घेणार? पण कमाई डब्यावर आहे, सल्ल्यावर नाही, ही खरी गोम. जनऔषधी केंद्रांत दुकानदाराला २० टक्के मिळतात, तेही विकलेल्या मालावरच. औषध जितकं स्वस्त, तितके त्या टक्क्यांचे रुपये कमी. माझ्याशी पाच मिनिटं बोलून काकांना मिळालं शून्य. गोळ्या दिल्या असत्या तर कमाई झाली असती, आणि गरज नसताना घेतलेल्या अँटिबायोटिकनं जंतू निर्ढावले असते ते वेगळंच.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' सुरू झालं. घसादुखीसह सात तक्रारींसाठी फार्मासिस्ट रुग्णाला तपासतो. निकषात बसणाऱ्या प्रत्येक तपासणीमागे सरकारी आरोग्यसेवेनं सुरुवातीला १५ पौंड ठरवले, औषध दिलं नाही तरी!

आपल्याकडे तपासणी डॉक्टरांचीच राहू दे. पण नुसतं नीट समजावण्याचे, हॉस्टेलच्या मेडिकल फंडातून माणशी थोडे पैसे दुकानाला देता येतील की नाही? तसा अर्ज मी रेक्टर सरांकडे दिलाय. काकांना सांगितलं तर म्हणाले, "ते होईल तेव्हा होईल. आधी तुमच्या विंगची वही मिटवा."