संगणकाचे दप्तर : उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरची व्यवस्था

वेळेवर न सापडलेला कागद असून नसल्यासारखाच, हा कार्यालयीन कामकाजातील जुना अनुभव आहे. संगणकाच्या बाबतीतही तो तितकाच खरा ठरतो. लिनक्ससारख्या युनिक्स परंपरेतील प्रणालींवर काम करणारी कार्यालये, शाळा व ग्रंथालये महाजालावरून सॉफ्टवेअर आणि त्याची मूळ संहिता उतरवून घेतात. परंतु आलेली प्रत्येक फाइल ‘डाउनलोड्स’मध्येच पडून राहिली, तर काही महिन्यांतच तेथे रुमालात न बांधलेल्या कागदांचा ढीग साचतो. त्यातच संबंधित कर्मचाऱ्याची बदली झाली, तर कोणती फाइल कशाची, हे सांगणारे कोणी उरत नाही.

ठरलेल्या जागा

युनिक्सचा प्रारंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या कार्यातून झाला. या प्रणालीत सर्व फाइली एकाच मुळापासून फुटलेल्या वृक्षाप्रमाणे मांडलेल्या असतात. कोणत्या शाखेत काय ठेवावे, याविषयी लिनक्सच्या क्षेत्रात १९९४ पासून लेखी संकेत आहेत. त्यांनुसार ‘यूएसआर’ ही शाखा मुख्यतः प्रणालीच्या वितरकाची असते. अद्ययावतीकरणाच्या वेळी तेथील फाइली आपोआप बदलल्या जातात. म्हणून तेथे स्वहस्ते भर घालू नये. अपवाद आहे तो तिच्यातील ‘लोकल’ या उपशाखेचा. आपण स्वतः बांधणी केलेले सॉफ्टवेअर तेथे, तर त्याची मूळ संहिता ‘लोकल’मधील ‘एसआरसी’त ठेवावी. बाहेरून आलेले स्वयंपूर्ण संच ‘ऑप्ट’मध्ये ठेवावेत. ‘टीएमपी’ ही तात्पुरती जागा आहे. जपून ठेवण्याची कोणतीही वस्तू तेथे ठेवू नये.

मूळ गठ्ठा, त्यातून उलगडलेली संहिता व तयार झालेले सॉफ्टवेअर ही तिन्ही वेगवेगळी ठेवणे हितावह होय. बांधणी झाली म्हणून संहिता लगेच पुसून टाकू नये. कारण पुष्कळदा सॉफ्टवेअर काढून टाकण्याच्या सूचना त्या संहितेसोबतच असतात.

आवक नोंदवही

प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, उगमस्थान व दिनांक यांची नोंद एका साध्या मजकूर-फाइलीत करावी. प्रकाशकाने दिलेली ‘एसएचए-२५६’ ही चौसष्ट अक्षरांची खूण आपल्या प्रतीच्या खुणेशी ताडून पाहावी. खूण जुळली, तर फाइल वाटेत बदललेली नाही, एवढे निश्चित होते. मात्र मूळ ठिकाणीच दोष घुसला असल्यास ही तपासणी अपुरी पडते.

मार्च २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. ‘एक्सझेड’ या फाइली संकुचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातक भाग दडविलेला असल्याचे उघड झाले. दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने त्याचा छडा लावला. त्या दिवशी प्रत्येक व्यवस्थापकापुढे एकच प्रश्न होता : आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे? वितरकाकडून आलेल्या प्रतीचे उत्तर प्रणालीच्या नोंदींत मिळते. परंतु हाताने बांधलेल्या प्रतीचे उत्तर आपण स्वतः ठेवलेल्या नोंदवहीतच मिळू शकते.

या व्यवस्थेस वेगळा खर्च लागत नाही. फाइल येते त्याच दिवशी तिची नोंद व्हावी आणि ती योग्य जागी जावी, एवढी शिस्त पुरेशी आहे. आपल्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्या सहकाऱ्यास तिचा लाभ होईल.